विचारा तर खरं : "मॅडम, पिशवी काढून टाका" असं पेशंटच म्हणते तेव्हा

या महिन्यात दवाखान्यात काम करणाऱ्यांचीच पत्रं जास्त आली. बहुतेकांना एकच गोष्ट छळतेय, की आपण रोजच्या कामात काय काय धरून चालतो ते आपलं आपल्याला कळणार कसं. चार पत्रं घेतलीत. एकाचं उत्तर फार लांबलंय, संपादकांना सांगून ठेवलंय की ते कापायचं नाही.

प्रश्न : मॅडम, मी सरकारी मेडिकल कॉलेजात थर्ड इयरला आहे. आम्हाला एटकॉमच्या, म्हणजे पेशंटशी वागण्या-बोलण्याच्या विषयाच्या, सेशननंतर लॉगबुकात रिफ्लेक्शन लिहावं लागतं, काय घडलं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार असे तीन भाग असतात. खरं सांगतो, अर्धी बॅच सीनियरच्या वहीतून उतरवते, उरलेली एआयकडून लिहून घेते आणि सर सही करतात. मला या वेळी स्वतः लिहायचंय, पण बसलो की सुचतच नाही. माझ्या मनात कुणाबद्दल पूर्वग्रह आहे असं मला खरंच वाटत नाही. मग काय खोटंच लिहू?

उत्तर : खोटं नको रे, ते वाचून सही करणाऱ्या सरांनाही झोप येते. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात हे एटकॉम आलं, पेशंटशी वागायचं कसं, बोलायचं कसं, नीती म्हणजे काय हे पाच वर्षं सोबत शिकवायचं असा हेतू, आणि हेतू चांगलाच आहे. पण रिफ्लेक्शन म्हणजे डोळे मिटून मनात डोकवायचं आणि तिथे काहीतरी वाईट सापडल्याचा कबुलीजबाब लिहायचा अशी समजूत होऊन बसलीय. मनात डोकावून काही सापडत नसतं, कारण आपण जे धरून चालतो ते आपल्याला आपला अनुभव वाटतो, कॉमन सेन्स वाटतो. त्यामुळे तुला काही सापडलं नाही यात नवल नाही.

तू डोकवायच्या ऐवजी पैज लाव. वॉर्डात हिस्टरी घ्यायला जातोस ना, तेव्हा पेशंटशी बोलायच्या आधी, नुसतं लांबून बघून, वहीच्या मागच्या पानावर लिही की हा काय काम करत असेल, किती शिकला असेल, गोळ्या वेळेवर घेत असेल की नाही, आजार कशामुळे झाला असेल. मग विचार. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेव. असं पंधरावीस पेशंटचं झालं की तुझे अंदाज कुठल्या बाजूला घसरतात ते तुलाच दिसायला लागेल. लिव्हर खराब झालेला, पोटात पाणी झालेला, मळका शर्ट घातलेला माणूस बेडवर असला की राउंडला सगळे 'दारू' धरूनच पुढे जातात, कितीदा तर केसपेपरवर तसं लिहूनही टाकतात आणि मग हिपॅटायटिस बी, सी ची टेस्ट दोन दिवस मागे पडते. त्याच जागी साखर आणि वजन वाढलेला इस्त्रीच्या शर्टातला माणूस असला तर फॅटी लिव्हर आधी आठवतं, आणि त्याला दारूचं विचारायला आपण लाजतो. दोघांनाही दोन्ही प्रश्न विचारायला हवे होते. हे लिही, तारीखवार, चुकलेल्या अंदाजांसकट. सरांना दाखवायच्या आधी मात्र पेशंटची नावं खोडून टाक.

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या २०१९ च्या त्या बातम्यांनंतर आम्हा सगळ्या गायनॅकवाल्यांकडे चोर असल्यासारखं बघतात. मी कुणाला कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केलेलं नाही. पण तीस-बत्तीस वर्षांच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया स्वतःहून येतात आणि म्हणतात मॅडम, पिशवी काढून टाका, ही कटकटच नको. मी नाही म्हटलं तर त्या दुसरीकडे जातात आणि तिथे लगेच होतं. नुकतंच एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं की स्वतःची गृहीतकं तपासा. पेशंटची इच्छा मानण्यात माझं गृहीतक कुठे आलं, हे मला प्रामाणिकपणे कळत नाही.

उत्तर : डॉक्टर, तुमचा प्रश्न आवडला कारण त्यात राग आहे, आणि राग थोडासा बरोबरही आहे. सगळ्यांना एका काठीने हाणलं गेलं हे खरं. आकडे मात्र एकदा समोर ठेवू या. २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयातल्या सुमारे ३ टक्के बायकांचं हे ऑपरेशन झालेलं होतं. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत त्यामुळे दोन आकडे थेट भागू नका, पण एवढा फरक फक्त वयाने पडत नाही. आणि बीडच्या बायकांच्याच पिशव्या जास्त बिघडतात असं तर तुम्हीही म्हणणार नाही.

आता ती "स्वतःहून" म्हणते त्याकडे येऊ. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, दिवाळीच्या आसपास टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत पालात राहायचं, संडास नाही, न्हाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, पहाटे फडात आणि रात्री-अपरात्री ट्रकमध्ये मोळ्या भरायला हजर. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशी बाई जेव्हा म्हणते की कटकट नको, तेव्हा तिला कटकट कशाची आहे, पिशवीची की खाड्याची? हा प्रश्न तुम्ही तिला विचारलाय का, की "पेशंटची मागणी" लिहून पुढे गेलात? तिची इच्छा मानायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही, पण इच्छा कशाची आहे ते आधी कळायला नको का. हिला हे कुणी सांगितलं, जाऊबाईने, मुकादमाने की आधीच्या डॉक्टरने? काढल्यावर काय काय बंद होईल असं तिला वाटतंय? मी शिकवत होते तेव्हा पोरांना सांगायचे की "कशामुळे वाटतं तुम्हाला?" एवढं विचारून दोन मिनिटं गप्प बसा. पोरांना गप्प बसणंच सगळ्यात अवघड जायचं.

दुसरं, आणि माझ्या मते तुमचं खरं गृहीतक इथे आहे. तुम्ही धरून चालताय की ही परत येणार नाही. फॉलोअपला येणार नाही म्हणून गोळ्या देऊन उपयोग नाही, गोळ्या नाहीत म्हणून ऑपरेशन. कागदावर मात्र हे कुठेच नसतं, तिथे "फॅमिली कम्प्लीट" लिहिलेलं असतं, जणू तेवढंच कारण पुरे. अहो, पण ती हंगाम संपल्यावर पाच-सहा महिने गावातच असते! पाळीत अंगावरून फार जात असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या, आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तर फक्त जास्त जाण्याच्या दिवसांतच घ्यायचं असतं, त्याला दर आठवड्याला तुमच्याकडे यायची गरज नाही. हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची टी मिळते, ती एकदा बसवली की पाच वर्षं आणि जास्तही चालते, रक्तस्राव कमी होतो, कितीतरी जणींची पाळी जवळजवळ थांबतेच. जी बाई दवाखान्यात येऊच शकत नाही तिच्यासाठी तर ही टी वरदान. महाग पडते, मान्य, पण ऑपरेशन, त्यासाठी काढलेली उचल आणि नंतरची विश्रांती याच्यापेक्षा महाग? तुम्ही ती किती जणींना नुसती सांगितलीत? की "यांना परवडणार नाही, कळणार नाही" हेही धरूनच ठेवलंय?

पांढरं जाण्याचं तर बोलायलाच नको. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी ज्यांची तपासणी झाली होती अशा होत्या फक्त ८ टक्के. तोवर सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, बाकी काही असतं तर ती बोलली असती. त्या सगळ्या आजारांत जवळपास निम्मा वाटा इन्फेक्शनचा होता, म्हणजे गोळ्यांनी बरं होणारा, गरज तिथे नवऱ्यालाही सोबत गोळ्या दिल्या तर. आता गंमत बघा, चाळीसेक वर्षांपूर्वी या बाईला कुणी तपासतच नव्हतं आणि आज त्याच तक्रारीसाठी तिची पिशवीच काढतात. दोन्ही वेळा तिचं पूर्ण ऐकून घेतलं गेलं नाही.

आणि पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. तिशीत पिशवीबरोबर अंडाशयंही गेली की अंगाची आग, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका, आणि अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होऊ शकतात. पण मोळी काही हलकी होत नाही. ज्या खाड्यासाठी तिने हे केलं तो खाडा कंबरदुखीने पुन्हा पडतोच.

तर आता काम सांगते. ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, रजिस्टर काढा, मागची तीस ऑपरेशनं घ्या, रात्री पेशंट संपल्यावर एकट्याने बसा, ज्युनियर नको. प्रत्येकीपुढे लिहा : वय, तक्रार, आधी कुठलं औषध किती महिने दिलं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप किंवा ॲसेटिक ॲसिडची तपासणी झाली का, चाळिशीजवळच्या असतील तर बायोप्सी घेतली का, अंडाशयं ठेवली का, हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेल्या पिशवीच्या तपासणीत, काय आलं, आणि धंदा. मग शेवटच्या रकान्याप्रमाणे दोन ढीग करा, ऊसतोडीवाल्या एकीकडे आणि शिक्षिका, बँकवाल्या, व्यापाऱ्यांच्या बायका दुसरीकडे. तक्रार सारखी असताना "आधी किती महिने औषध दिलं" हा आकडा दोन्हीकडे सारखा येतो का बघा. सारखा आला तर मला खुशाल खरमरीत पत्र लिहा, मी छापायला सांगेन. नाही आला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रकान्यात आहे, आणि ते मी किंवा त्या ट्रेनिंगवाल्यांनी सांगण्यापेक्षा तुमच्या अक्षरात असलेलं बरं.

राग येईल तरी एक विचारते. हॉस्पिटलच्या लोनचा हप्ता किती आहे? तुम्ही पैशासाठी ऑपरेशन करता असं मी म्हणत नाहीये. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात "आधी औषध देऊन बघू" हे वाक्य तोंडातून जरा कमी येतं का, ते तारखा बघून तपासा. तारखा रजिस्टरात आहेतच.

"मी नाही केलं तर शेजारचा करतो" हे खरं आहे आणि त्यावर एकट्याने उपाय नाही. त्यासाठीच जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना सिव्हिल सर्जनची परवानगी लागू केली, केंद्राने २०२२ मध्ये गरज नसलेल्या हिस्टेरेक्टॉमी, म्हणजे पिशवी काढायची ऑपरेशनं, थांबवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत त्या लागू करायला सांगितलं. परवानगीचा कागद म्हणजे तुम्हाला त्रास वाटतो, कळतं मला. पण तो कागद पेशंटला दाखवून "थांबावं लागेल, तोवर या गोळ्या घ्या" म्हणायला उपयोगी आहे, शेजारच्यालाही तोच नियम आहे.

प्रश्न : माझी वहिनी ३४ वर्षांची. पाळीत फार जातं म्हणून दाखवलं तर डॉक्टर म्हणाले पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर. दादा म्हणतो डॉक्टर सांगतात तर करून टाकू. डॉक्टरांना उलट विचारलं तर त्यांना राग नाही का येणार?

उत्तर : येऊ दे की थोडा. सोनोग्राफीत "बल्की", म्हणजे पिशवी जरा मोठी, असं लिहिलेलं असणं म्हणजे कॅन्सर नव्हे, दोनतीन बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींच्या रिपोर्टात ते असतं. रिपोर्ट हातात घेऊन सरळ विचारा : कॅन्सरची शंका कशावरून, पॅप केली का, आधी गोळ्यांनी किंवा टी बसवून बघता येईल का, आणि अंडाशयं राहणार की जाणार. हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही. विचारताना दादाला सोबत न्या, पण बोलू दे वहिनीला, कारण डॉक्टर दादाकडे बघून बोलतात आणि वहिनीला काय होतंय ते दादाला माहीत नसतं. सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दुसरं मत घ्या. संबंधानंतर रक्त जात असेल, मधेच कधीही जात असेल किंवा चक्कर येण्याइतकं जात असेल तर मात्र विचार करत बसू नका, आठवड्याच्या आत दाखवा, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी. आणि पत्र लिहायच्या आधी वहिनीला काय हवंय ते विचारलंत ना? पत्रात ते कुठेच नाहीये.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी मूळची कोल्हापूरची, इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलात वॉर्डवर नर्स आहे. या वर्षी माझं रिव्हॅलिडेशन, म्हणजे नर्सच्या नोंदणीचं नूतनीकरण, आहे, त्यासाठी पाच रिफ्लेक्टिव्ह अकाउंट, म्हणजे स्वतःच्या कामावर विचार करून टिपणं, लिहायचीत. अनकॉन्शियस बायसचं, म्हणजे नकळत असलेल्या पूर्वग्रहांचं, ई-लर्निंग केलं, सर्टिफिकेट आलं, पण लिहायला काही मिळालं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात आहे. वॉर्डवर आपल्याकडच्या एक आजी होत्या, घरी मुलगा-सून आहेत म्हटल्यावर डिस्चार्जच्या फॉर्मवर मी घरी बघायला माणसं आहेत असं भरलं. दोन आठवड्यांत आजी पुन्हा ॲडमिट. हे लिहिलं तर माझ्या अंगाशी येईल का?

उत्तर : हेच लिही, पाचातलं सगळ्यात चांगलं हेच होईल. ई-लर्निंगचं मनावर घेऊ नकोस, तिथल्या सरकारने स्वतःच डिसेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारी खात्यांतल्या नोकरांचं हे ट्रेनिंग बंद करायचं ठरवलं, कारण त्याने लोकांचं वागणं बदलतं असा पुरावा मिळेना.

भीती कुठून येते ते कळतं. २०१८ मध्ये तिकडे एका शिकाऊ बालरोग डॉक्टरांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणी-रजिस्टरमधून काढलं तेव्हा सगळे डॉक्टर घाबरले की आपण लिहिलेलं आपल्याच विरुद्ध वापरतील, ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला तरी धास्ती राहिलीच. पण तुझी अकाउंट नर्सिंग कौन्सिलकडे पाठवायची नसतात, तुझ्याजवळ ठेवायची असतात आणि रजिस्टर्ड नर्स असलेल्या दुसऱ्या कुणाशी त्यावर चर्चा करायची असते. पेशंट ओळखू येईल असं काहीही नको, नाव, वॉर्ड, तारीख, गाव काहीच नको. "आपल्याकडच्या आजी" सुद्धा नको, त्या वॉर्डवर तशा एकच असतील.

लिहिताना "मी सांस्कृतिक गृहीतक धरलं" असलं पुस्तकी लिहू नकोस. आपल्याकडे घरी सून असली की आजीचं होतं, हे तू कोल्हापुरातून सोबत नेलंस आणि फॉर्मवर भरलंस. तिकडे मुलगा-सून दोघं शिफ्टला जातात, आजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्या, इन्सुलिन कोण देणार, जिना कसा चढणार, हे एका प्रश्नात कळलं असतं : दुपारी घरी कोण असतं? एखादी तिथलीच गोरी नर्स असती तर तिने कदाचित विचारलंही असतं, कारण तिला आपल्या घरांतलं माहीत नाही. तुला माहीत होतं म्हणून तू विचारलं नाहीस. हे वाक्य अकाउंटमध्ये असू दे. आणि त्यानंतर तू डिस्चार्जच्या वेळी काय वेगळं विचारतेस ते लिही, विचारत नसशील तर या आठवड्यापासून विचार आणि मग लिही.

चर्चेसाठी मात्र आपली मराठी मैत्रीण घेऊ नकोस. ती म्हणेल, अगं घरी सून असताना कोण विचारतं. केरळची, फिलिपीन्सची, नाहीतर तिथलीच एखादी सीनियर बघ.